तमसाचे डोळे

“आणलं?”

मी फाटकाची कडी काढायच्या आतच कौशी व्हरांड्यातून ओरडली. माझ्या चपलांचा आवाज तिला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून ओळखू यायचा.

“आणलं बाई, आणलं. आत तरी येऊ देशील का नाही?”

“बघू, बघू!”

पुस्तक तिने माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. आधी तळहातावर तोललं, मग कडेवरून अंगठा फिरवला, मग मधोमध उघडून त्यात नाक खुपसलं.

“मागच्यापेक्षा बारीक आहे की ओ ताई. एवढ्यात उरकलं व्हय त्यांनी?”

“ऐकायच्या आधीच नावं ठेव तू. दे इकडं.”

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कौशी म्हणजे कौसल्या बंडगर, जत तालुक्यातल्या मेंढरंवाल्यांची पोर, जन्मापासून आंधळी. तेव्हा सोळा वर्षांची होती, दहावीला. सांगलीत अंध मुलींचं एक लहानसं वसतिगृह होतं, तिथे राहायची. मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते. ऑफिस सुटलं की मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे वाचून दाखवायला जायचे. शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळायची, गोष्टींची मिळायची नाहीत. मग कुणीतरी डोळस माणूस गाठायचा आणि त्याच्याकडून वाचून घ्यायचं, अशी तिथली रीत. कौशीच्या वाट्याला मी आले होते. माझं वाचन तोवर ऑफिसच्या टिपणांपुरतं उरलं होतं. या पोरीमुळे मी पुन्हा गोष्टींच्या नादाला लागले, आणि लागले ती अशी लागले की घरी आमटी करपायला लागली.

“नीहारगड” हे नाव त्या काळात शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोरापोरीच्या तोंडी होतं. तीन भागांची अद्भुत कादंबरी, लेखक निशिकांत वैजापूरकर. धुकं कधीच न उठणारा एक डोंगरी मुलूख. तिथे डोळस सैनिक मशाली घेऊन फिरतात आणि पटापट दरीत कोसळतात. आणि तिथेच तमसा नावाची एक पोर आहे, जन्मांध. तिला धुकं काय आणि ऊन काय, सारखंच. ती खडा टाकून कानाने दरी मोजते, वाऱ्यावरून खिंड ओळखते. पहिल्या भागाच्या शेवटी अख्खं सैन्य एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यामागून कडा उतरतं. खाली पोचल्यावर युवराज तिला विचारतो, “तुला दिसत नाही, मग तुला वाट कशी कळते?” तमसा म्हणते, “तुला दिसतं, मग तुला का कळत नाही?”

हे वाक्य कौशीने माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं होतं. पुढे महिनाभर सगळं वसतिगृह ते एकमेकींना ऐकवत होतं. लोखंडे मॅडम, म्हणजे तिथल्या अधीक्षिका, सांडलेल्या दुधावरून कुणाला रागावल्या तर त्यांनाही तेच उत्तर मिळायचं. कौशी तर चालायचीसुद्धा वेगळी. पूर्वी भिंतीला धरून जायची, आता मान वर करून मधोमध चालायला लागली होती. दुसरा भाग ऐन कड्यावर सोडून दिला होता त्या माणसाने, आणि तिसऱ्यासाठी आम्ही दोघींनी दीड वर्ष वाट पाहिली होती.

“आज एकच पान वाचा की,” ती म्हणाली.

“अजिबात नाही. मी आधी घरी वाचणार, मग तुला. नाहीतर राजाला सेनापतीचा आवाज लागतो आणि तूच हसतेस.”

“बरं. पण पुढचं सांगायचं न्हाई हां, ताई. तोंडावर पण आणायचं न्हाई. तुमच्या आवाजावरनं कळतंय मला.”

“नाही सांगत गं.”

रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि मी पुस्तक उघडलं. चार वाजता आमचे हे चहा मागायला आले तेव्हा मी पुस्तक मांडीवर आपटून बसले होते.

“काय झालं? कोण गेलं?” त्यांनी घाबरून विचारलं.

“डोळे दिले! त्या मेल्याने तिला डोळे दिले!”

मी किती चिडले होते ते आज सांगूनही कळायचं नाही. अर्धं पुस्तक युवराजाच्या लग्नाच्या वरातीने खाल्लं होतं. ज्या म्हाताऱ्या वाटाड्याने तमसाला खडे टाकायला शिकवलं, तो कुठे गेला याचा पत्ता नाही. आणि दोनशे बाराव्या पानावर कुठूनशी एक जादूची विहीर उगवली. आधीच्या दोन भागांत तिचं नाव नाही, गाव नाही. त्या विहिरीचं पाणी डोळ्यांना लावलं की तमसाला दिसायला लागतं, त्याच क्षणी सगळ्या मुलखावरचं धुकं उठतं, आणि ही बाई काय करते, तर युवराजाच्या तोंडाकडे बघून लाजते. लाजते! जिने पाचशे माणसं कड्यावरून खाली आणली ती.

“अगं, मग वाईट काय केलं त्याने?” हे म्हणाले. “आंधळ्या पोरीला दिसायला लागलं, चांगलंच झालं की. गोष्टच आहे ती.”

“तुम्ही चहा घ्या आणि बाहेर बसा.”

मला फसवलं होतं त्या माणसाने. दीड वर्ष ताटकळत ठेवून, माझ्याकडून ते दोन भाग जीव ओतून वाचून घेऊन, शेवटी हे हातावर ठेवलं. आणि माझं जाऊ दे. मंगळवारी हे मी त्या पोरीला कसं वाचून दाखवणार होते? मान वर करून चालणाऱ्या पोरीला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते, की बाई गं, तुझी तमसा होती तशी पुरेशी नव्हती?

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी टाइपरायटरवर कागद चढवला.

आमच्याकडे कॉम्प्युटर आले होते, पण माझं यंत्र अजून कुणी उचलून नेलं नव्हतं. चौदा वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं जसंच्या तसं टाइप केलं होतं, साहेबाच्या चुकांसकट. त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या मनातलं टाइप केलं. शेवटचं प्रकरण, अकरा पानं. विहीर ठेवली, कारण याच भागात शेवटच्या प्रकरणाआधी तिचा दोनदा उल्लेख येऊन जातो, तो गाळता आला नसता. तमसा विहिरीपाशी येते, सगळे म्हणतात लाव डोळ्यांना. ती ओंजळ भरून घेते, वास घेते, आणि त्या पाण्याने चालून चालून धुळीने भरलेले पाय धुते. मग म्हणते, “चला, अजून पलीकडची खिंड राहिली आहे.” धुकं तसंच राहतं. तमसा सगळ्या वाटाड्यांची प्रमुख होते. युवराजाला मी धाकट्या खिंडीच्या चौकीवर पाठवून दिला.

लिहिताना मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! कुणाला फसवतेय असं क्षणभरही वाटलं नाही. उलट मी कौशीला एका फसवणुकीतून वाचवत होते. अकरा कागद पुस्तकात घातले, त्या जागची छापील पानं क्लिपने बंद केली, आणि महिनाभर आम्ही एकेक प्रकरण वाचत पुढे सरकलो. मधल्या भागाला कौशी कंटाळली होती. “वरातीला मला कुठं नेताय ओ, तमसा कुठाय ते सांगा,” असं म्हणायची.

शेवटच्या प्रकरणाला आम्ही शुक्रवारी पोचलो. पहिलं पान वाचून मी उलटलं आणि कौशीने हात वर केला.

“थांबा. कागद बदलला काय ओ?”

“म्हणजे?”

“वेगळा वाजतोय. मगापर्यंत जाड होता, आता चुरचुर वाजतोय.”

“अगं, शेवटची पानं हलक्या कागदावर छापलीत. पैसे वाचवतात हे लोक.”

“असं व्हय,” ती म्हणाली आणि पुन्हा मांडी घालून बसली. मी पुढे वाचलं. पाय धुण्याचं आलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी मांडीवर थाप मारली.

“पाय धुतले? त्या पाण्यानं?”

“पाय धुतले.”

“आई शप्पत!”

संपल्यावर ती म्हणाली, “मला लई भीती होती, ताई. विहीर आली तवापासून. म्हणलं आता देतोय बघ डोळे. सगळ्या गोष्टींत देतातच. कुठं देव येतो, कुठं साधू येतो, आणि मग ती आंधळी बरी होती. म्हणलं हा पण तसलाच निघाला तर घालू त्याला शिव्या. पण न्हाई. माणूस पक्का निघाला.”

त्या क्षणी मला कळायला हवं होतं. शिव्या घालायची तयारी करून बसलेल्या पोरीला कुणी वाचवायची गरज नव्हती. पण मी फुशारले होते. माझं लिहिलेलं तिला आवडलं होतं, आणि रस्त्याने घरी जाताना मी स्वतःशीच हसत होते.

पुढचा मंगळवार चांगला गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी लोखंडे मॅडम मला फाटकातच भेटल्या, हातात एक पत्र नाचवत.

“वासंतीताई, तुमच्या कौसल्येचं नशीब उघडलं! वाचनालयाच्या कार्यक्रमाला वैजापूरकर येणार आहेत, स्वतः. पाच शाळांतून एकेक मूल त्यांच्या पुस्तकावर बोलणार, आणि आपल्याकडून कौसल्या!”

मी “अरे वा” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मला दहा दिवस होते. दहा दिवसांत मी तीनदा तिथे गेले, आणि तिन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले. पहिल्या वेळी तिच्याभोवती चार मुली होत्या. दुसऱ्या वेळी ती ब्रेलच्या पाटीवर भाषण टोचत बसली होती आणि इतकी आनंदात होती की माझी जीभ उचलेना. तिसऱ्या वेळी मी आडून सुरुवात केली.

“कौशी, पाच मिनिटंच आहेत. तू आपली पहिल्या भागावरच बोल. खडा टाकायचं, कड्यावरचं. शेवटाचं नको.”

“का?”

“सगळ्यांनी वाचलं नसेल. त्यांची मजा जाईल.”

“ते बी खरंय,” ती म्हणाली. “बरं, न्हाई सांगत शेवट.”

झालं, मी सुटले, असं मला वाटलं. भित्र्या माणसाला एवढंसं निमित्त पुरतं.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला होता. चारशे तरी पोरं असतील, प्रत्येकाच्या मांडीवर नीहारगड, सही घ्यायला. मी तिसऱ्या रांगेत बसले. वैजापूरकर दिसायला भला माणूस होता, पांढरा झब्बा, मऊ आवाज, मुलांशी हसून बोलत होता. मला त्याचा राग आणायचा होता, तोही नीट येईना.

कौशीचा नंबर चौथा होता. खुर्चीपासून माइकपर्यंत सात पावलं, हे तिने सकाळीच मोजून ठेवलं होतं. ती एकटी चालत आली, कागदावर बोटं ठेवली आणि बोलायला लागली. खडा टाकून दरी कशी मोजायची ते तिने सांगितलं, माइकवर टिचकी मारून दाखवली. पाच मिनिटं होत आली आणि तिने कागदाची घडी घातली. मी श्वास सोडला.

“आता एक माझ्या मनातलं,” कौशी म्हणाली. “शेवट सांगू नको असं मला ताईंनी सांगितलंय, पण सर इथं आलेत, परत कधी भेटणार? सर, मला तुमचे आभार मानायचेत. शेवटी तुम्ही तमसाला डोळे दिले न्हाईत. तिनं त्या पाण्यानं पाय धुतले आणि निघून गेली. आमच्यासारख्या मुलीवर एवढा विश्वास आजपर्यंत कुणी लिहिणाऱ्यानं टाकला न्हवता.”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून एक मुलगी हसली. “अगं, दिलेत की डोळे!” कुणीतरी ओरडलं, आणि मग पाच-पन्नास पोरं एकदम बोलायला लागली. “पाय कुठे धुतले?” “हिने वाचलंच नाही!” मी उठून उभं राहायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की गप्प बसा, चूक माझी आहे. मी पदर तोंडाशी धरून बसून राहिले.

वैजापूरकर उठून माइकपाशी आले. त्यांनी कौशीच्या डोक्यावर हात ठेवला.

“बाळ, तुला कुणीतरी चुकीचं सांगितलेलं दिसतंय. पाय नाही, डोळे. तमसा त्या पाण्याने डोळे धुते आणि तिला सगळं जग दिसायला लागतं. तिला शेवटपर्यंत अंधारात ठेवण्याइतका मी निर्दय नाही गं.”

पोरं हसली.

“पुस्तकात असं आहे?” कौशीने विचारलं. माइक समोर होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

“मीच लिहिलंय, बाळ. आणि तुझ्याही आयुष्यात अशी एक विहीर येवो, असा माझा आशीर्वाद आहे.”

टाळ्यांनी हॉल दणाणला. बायका डोळे पुसत होत्या. कौशी त्या टाळ्यांत तशीच उभी होती, तोंड किंचित उघडं. मग ती परत फिरली, पण पावलं मोजायची राहिली. सरळ पडद्याकडे चालत गेली. शेवटी कुणीतरी दंडाला धरून तिला खुर्चीवर बसवलं.

रिक्षात लोखंडे मॅडम आमच्या दोघींच्या मध्ये बसल्या होत्या. “डोक्यावर हात ठेवला गं त्यांनी! किती मोठा माणूस, पण किती साधा,” असं वसतिगृह येईपर्यंत म्हणत होत्या. उतरताना मी कौशीपुढे हात केला, तो तिने धरला नाही.

मंगळवारी मी गेले. ती नेहमीच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

“पुस्तक आणलंय?”

“हो. तिन्ही भाग आणलेत.”

“त्यातले तुमचे कागद काढा. इकडं द्या.”

मी अकरा कागद तिच्या हातात ठेवले. तिने एक कागद पालथा केला आणि बोट फिरवलं. टाइपरायटरने पूर्णविराम जोरात मारलेले असतात, ते मागून उठतात.

“टिंबं लागताहेत हाताला,” ती म्हणाली. “त्या दिवशी कागद हातात मागितला असता तर तिथंच कळलं असतं. मी मागितला न्हाई. तुम्ही सांगितलं, मी ऐकलं.”

“कौशी, मी तुला सांगणारच होते…”

“आता वाचा. जे छापलंय ते. सगळं.”

मी क्लिप काढली आणि वाचलं. आवाज काढले नाहीत, राजाचा नाही आणि सेनापतीचा नाही. विहीर आली, ओंजळ आली. “पाणी डोळ्यांना लागताच तमसाच्या आयुष्यातला अंधार फिटला. तिने युवराजाचा चेहरा पाहिला, आणि त्या क्षणी ती पहिल्यांदा जगली.”

“थांबा. काय केलं पहिल्यांदा?”

“ती पहिल्यांदा जगली.”

“मग आधीचे दोन भाग काय करत होती? मेली होती?” कौशी भिंत सोडून ताडकन ताठ बसली. “सैन्य कुणी उतरवलं ओ? मढ्यानं? धुकं उठल्यावर तिला काय काम ठेवलंय तिथं, तोंड बघत बसायचं? आणि वर मला म्हणतोय निर्दय न्हाई! वर मला विहीर देतोय!”

माझा जीव भांड्यात पडला. “तेच! अगदी हेच मला वाटलं गं! मी वाचलं तेव्हा मी पुस्तक आपटलं होतं. आमच्या ह्यांना विचार, मी किती भांडले…”

“तुम्ही भांडलात,” ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. “तुम्ही वाचलंत, तुम्ही चिडलात, तुम्ही पुस्तक आपटलंत. आणि मला काय दिलंत? गोड पाणी. मला का न्हाई आपटू दिलं पुस्तक?”

“तुला वाईट वाटलं असतं, कौशी.”

“वाटू द्यायचं की! माझं पुस्तक, माझं वाईट वाटणं. दीड वर्ष वाट बघितली होती मी. त्या हॉलमध्ये उभं राहून मी त्याला तोंडावर विचारलं असतं, का ओ असं केलंत? चारशे पोरांसमोर विचारलं असतं. त्याच्याऐवजी मी आभार मानून आले. आणि तुम्ही तिथं बसला होता, ताई. तुम्हाला ठाऊक होतं.”

मी तिचा हात धरायला गेले, तिने तो मांडीखाली घेतला.

“त्याला वाटलं, आंधळी हाय, डोळ्याबिगर हिचं कसं व्हायचं. तुम्हाला वाटलं, आंधळी हाय, हिला सोसायचं न्हाई. तुमच्यात आणि त्याच्यात काय फरक सांगा बघू. त्यानं निदान छापून तरी केलं.”

मी रडले. मोठी बाई होते, पस्तिशी उलटलेली, आणि त्या पोरीसमोर ओक्साबोक्शी रडले. तिने रडू दिलं. मग शांतपणे विचारलं, “आणखी कुठं कुठं बदललंय?”

“कुठेच नाही. देवाशपथ. फक्त शेवटचं प्रकरण.”

“पहिल्या भागात?”

“नाही गं.”

“ते, तुला दिसतं मग तुला का कळत नाही. ते त्याचं का तुमचं?”

“त्याचंच आहे. पुस्तकात आहे, मी दाखवते…” दाखवणार काय, कपाळ? उघडं पुस्तक तिच्यासमोर धरलं असतं तरी त्यावर काय छापलंय हे तिला सांगणारी मीच होते.

“मला कसं कळणार?” कौशी म्हणाली. ती रागाने बोलली नाही, खरंच विचारत होती. मग तिने माझे अकरा कागद नीट एकावर एक लावले आणि मला परत दिले. “शुक्रवारी येऊ नका. पुस्तकं तिन्ही ठेवून जा.”

मी ठेवून आले. घरी येऊन ते कागद चुलीत घातले नाहीत, फाडलेही नाहीत, अजून कपाटात आहेत. चांगलं लिहिलंय मी, आजही वाटतं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटते.

दीडेक महिन्याने मी धीर करून गेले. चपला कोपऱ्यावरच काढून हातात घेतल्या आणि मागच्या बाजूने खिडकीपाशी आले. आत म्हैसाळकर म्हणून एक नवे गृहस्थ वाचत होते. रेल्वेतून निवृत्त झाले होते, मॅडमनी नुकतेच गाठले होते. आवाज सपाट, गाड्यांची घोषणा करावी तसा. प्रकरणाचा आकडासुद्धा वाचत होते, पानाचासुद्धा. तिन्ही भागांतला पहिला, आणि त्यातलंही पहिलं प्रकरण. कौशीने परत पहिल्यापासून घेतलं होतं.

ते वाचत होते, “पहाटे गडावरच्या घंटा वाजल्या तेव्हा तमसा दाराशी बसून कंबरेला दोर बांधत होती.” मला ते वाक्य पाठ होतं. छापलं होतं तसंच ते वाचत होते, आणि मीही तसंच वाचलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं.

“थांबा, काका,” आतून कौशी म्हणाली. “हे असंच लिहिलंय?”

“असंच लिहिलंय.”

“बरं. पुढं वाचा.”

त्यांनी पुढचं वाक्य वाचलं, आणि तिने त्यांना पुन्हा थांबवून तेच विचारलं. दोन वर्षांत मला तिने हे एकदाही विचारलं नव्हतं.